मिठागरातली बाई

ताणलेले कापड, जवसाचे तेल आणि दळलेले रंग, एवढेच मी आहे, मित्रांनो. लोक मला जुने तैलचित्र म्हणतात. ज्याने मला काढले त्याचे नाव एझ्रा पेल्हॅम. तो अमेरिकेत राहत असे आणि त्याला जाऊन आता फार वर्षे झाली. माझी हकीकत सांगण्यासारखी आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. पण भिंतीवर टांगलेल्या वस्तूला बघण्या-ऐकण्याखेरीज दुसरे काम नसते, आणि जे ऐकले ते कधीतरी कोणाला तरी सांगावे असे वाटते. वाटते असे मी म्हणाले खरे; चित्राला काही वाटते का, हेही मला नक्की सांगता येणार नाही.

माझ्यात काय आहे ते आधी सांगते. एक गोठलेले तळे आहे. त्यावर उभे राहून काही माणसे लांब दांड्यांच्या करवतींनी बर्फ कापत आहेत. कापलेल्या बर्फाचे पांढरे ढीग काठावर रचले आहेत. पुढच्या बाजूला एक बाई उभी आहे. तिने डोक्यावरून जाड शाल घेतली आहे, मान किंचित कलती आहे आणि हातात किटली आहे. त्या देशात हिवाळ्यात तळी अशी गोठत, आणि लोक त्यांचे लाकडाच्या ओंडक्यासारखे तुकडे करत. मग तो बर्फ भुशात दाबून जहाजात भरत आणि जहाजे थेट मद्रासपर्यंत येत. तिथल्या साहेबलोकांना थंड पाणी प्यायला हवे असे.

पेल्हॅमने तळे आणि माणसे उघड्यावर उभे राहून रंगवली. त्याची बोटे बधिर होत. तो ती काखेत धरून बसे आणि पुन्हा कुंचला उचले. बाईचा चेहरा मात्र त्याने नंतर घरात, शेगडीपाशी बसून, मनाने काढला. समोर कोणी बसले नव्हते. तो चेहरा कोणाचाच नाही. मित्रांनो, एवढे लक्षात ठेवा.

माझ्याबरोबर त्याने आणखी एक चित्र काढले होते, बंदरातल्या जहाजाचे. आम्ही दोघे एकाच मापाचे. एका कप्तानाने आम्हाला विकत घेतले आणि बर्फाबरोबर मद्रासला आणले. पुढे त्याचे काय झाले कळले नाही, पण त्याचे सामान विकले गेले. त्या विक्रीत तंजावूरच्या तुळजारामरावांनी आम्हाला घेतले. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या राज्यात तंजावूरला आले होते आणि तिथलेच होऊन गेले होते. राजवाड्यात तैलचित्रे असत, तशी आपल्याही घरात दोन असावीत, एवढीच त्यांची इच्छा. चित्रात काय आहे हे त्यांनी विचारले नाही आणि विकणाऱ्याने सांगितले नाही.

आता एक गोष्ट समजून घ्या. तंजावूरच्या माणसाने तळे गोठलेले कधी पाहिलेले नसते. पण समुद्राकडे वेदारण्यमला मिठागरे आहेत, ती पुष्कळांनी पाहिलेली असतात. सपाट उथळ पाणी, काठावर पांढरे ढीग, आणि लांब दांड्याची फावडी घेऊन राबणारी माणसे. तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मला मिठागराचे चित्र ठरवले. तिकडे मिठागराला उप्पळम् म्हणतात आणि जहाजाला कप्पल. म्हणून आमची नावे पडली कप्पल आणि उप्पळ. मला ती नावे चुकीची वाटली नाहीत, बरोबरही वाटली नाहीत. हाक मारली की नाव होते.

वर्षे गेली. तुळजारामराव गेले, त्यांचे मुलगे गेले. मी सांगणार आहे ते त्यांच्या पणतवंडांच्या काळातले. घरात वैद्यनाथराव होते. ते शाळेत इतिहास शिकवत. त्यांचे थोरले भाऊ भीमसेनराव मद्रासला सरकारी नोकरीत होते. सगळ्यांत थोरली बहीण गंगाबाई. त्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परत आल्या होत्या आणि घर त्याच चालवत असत.

वैद्यनाथरावांची बायको कनकलता ही वेदारण्यमची. तिचे वडील सेतुराम तिथल्या मिठाच्या कचेरीत कारकून होते. लग्न होऊन ती घरात आली, तेव्हा उंबरठा ओलांडल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "अय्यो, हे तर आमचं गाव!" सगळे हसले. त्यानंतर माझ्यावरची धूळ तीच पुसत असे. हळू पुसत असे, कोपऱ्यांत बोट घालून.

एकोणीसशे पन्नास साली ती तापाने गेली. तिची मुलगी चंद्रमती तेव्हा नीट बोलतही नव्हती. कनकलतेचा एकच फोटो होता, लग्नातला, तो वेदारण्यमला तिच्या वडिलांकडे होता. आणू, आणू म्हणताना तो आणायचा राहिला. मग बावन्न सालच्या मोठ्या वादळात समुद्र त्यांच्या घरात शिरला आणि ट्रंकेसकट सगळे गेले.

चंद्रमती पाच-सहा वर्षांची झाली. एके दिवशी ती खेळून घरी आली ती सरळ गंगाबाईंच्या पुढ्यात. गंगाबाई माझ्याखालीच बसून शेवग्याचा पाला निवडत होत्या.

"अत्या, पलीकडच्या घरी त्यांच्या पाटी-आजीचा फोटो आहे. हार घातलाय, दिवा पण आहे."

"असू दे."

"माझ्या आईचा कोठे आहे?"

"पाय धुतलेस का तू? सगळी माती घरभर."

"धुते. पण आईचा फोटो कोठे आहे?"

गंगाबाईंनी मान वर केली नाही. त्यांची बोटे पाला ओरबाडत राहिली.

"कोठे म्हणजे? वर बघ की. ती काय, उप्पळावर उभी आहे."

चंद्रमतीने वर पाहिले. वैद्यनाथराव त्याच वेळी शाळेतून येऊन दारात उभे होते. त्यांनी तोंड उघडले. मग त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली आणि हातपाय धुवायला गेले.

असे मी तिची आई झाले. मी काही केले नाही. होते तिथेच होते.

त्या लोकांत भाद्रपदात अविधवा नवमी पाळतात. घरातली एखादी बाई नवरा असताना गेली असेल, तर तिच्या नावाने त्या दिवशी एका सवाष्णीला बोलावून जेवू घालतात. कनकलतेच्या नावाने दरवर्षी कोणीतरी येई. त्या वर्षापासून मलाही पुसून, मोगऱ्याचा गजरा घालून, खाली पाट मांडू लागले. चंद्रमती स्टुलावर चढून बाईच्या कपाळावर गंध आणि कुंकू लावी. ते माझ्या रंगाच्या भेगांत उतरत गेले.

एका वर्षी राजम जेवायला आली. ती शेजारी नुकतीच राहायला आलेली, बोलण्यात मोकळी. आंबट भाताचा घास हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

"गंगक्का, तुमच्या भावजयीने हे नेसलंय तरी काय? पुडवै म्हणावी तर निऱ्या नाहीत, पासोडी म्हणावी तर पायघोळ!"

"उप्पळावर वारा किती असतो, ठाऊक आहे का तुला? तिरुवैयारुपलीकडे कधी गेली नाहीस तू. गुंडाळून घ्यावं लागतं तिकडे."

"आणि किटली कसली ती?"

"बापाला कॉफी न्यायला नको?"

"होय की. बरी लेक," राजम म्हणाली. "माझी तर पडल्या पडल्या मलाच कॉफी मागते. पच्चडी वाढा अजून थोडी."

चंद्रमती वाढायला उठली. तिचा चेहरा फुलला होता. आईविषयी चारचौघांत कोणी बोलले की ती अशीच दिसे.

तुम्ही विचाराल, गोरी अमेरिकन बाई कोणाला ओळखू कशी आली नाही? मित्रांनो, माझ्यावर राळेचा एक थर असतो. दिव्याची काजळी, कापराचा धूर, फोडणीचा धूर, हे सगळे त्याच्यावर बसत गेले. बर्फ पिवळट झाला. बाईचे गाल गव्हाळ झाले. डोळे काळपट झाले. त्या घरात राहून मी त्या घरच्यासारखे दिसू लागले होते. माझी काळजी कोणी नीट घेतली नाही असे म्हणता येईल, पण त्यामुळेच मी कोणाच्या तरी उपयोगी पडले. याला काय म्हणावे ते मला उमगत नाही.

चंद्रमती मोठी होत गेली. गुण किती पडले ते ती मला सांगे. पावसात शाळा सुटली तर तेही सांगे. आरशापुढे उभी राहून मान किंचित कलती करी आणि मैत्रिणींना म्हणे, "बघा, माझं नाक आईवर गेलंय." वैद्यनाथराव तिथेच बसून पेपर तपासत असत. अशा वेळी ते माझ्याकडे एकदा बघत आणि लगेच नजर काढून घेत. सुरुवातीची काही वर्षे असे होते. पुढे पुढे ते नजर काढून घेईनासे झाले. दिवेलागणीला खुर्चीत बसून, माणसाकडे बघावे तसे ते माझ्याकडे बघत. हा फरक केव्हा झाला, ते माझ्या ध्यानात आले नाही. त्यांच्याही आले नसावे.

चौसष्ट साली भीमसेनराव मद्रासहून आले. घर विकायचे ठरले होते. त्यांना मद्रासलाच राहायचे होते, आणि एवढे मोठे घर सांभाळणे वैद्यनाथरावांना झेपत नव्हते. त्यांनी तंजावूरजवळच करंदैला भाड्याने जागा पाहिली होती. भीमसेनरावांबरोबर राजगोपाल नावाचे गृहस्थ होते. ते मद्रासला जुन्या वस्तूंचे लिलाव करत. त्यांनी भिंग लावून माझ्या उजव्या कोपऱ्यातली सही बघितली, मग कप्पलवरची बघितली. नंतर भीमसेनरावांना बाजूला घेऊन त्यांनी काहीतरी सांगितले.

ते गेल्यावर तिन्ही भावंडे माझ्यासमोर बसली. चंद्रमती शाळेत होती.

"वैद्या, भांडी अस्की, एकूण एक वाटून झाली, खुर्च्या झाल्या," भीमसेनराव म्हणाले. "चित्रं कशी वाटायची? दोन्ही एका हातची आहेत. अमेरिकन आहेत म्हणतो राजगोपाल. शंभर वर्षांपूर्वीची."

"अण्णा, कप्पल तुम्ही न्या. उप्पळ आम्हाला राहू द्या."

"तसं नको. उद्या एकाला जास्त मोल आलं की तुझी-माझी मनं फिरायची. लिलाव होऊ दे. तूही बोली लाव की. घरच्याला कोणी अडवलंय?"

गंगाबाई म्हणाल्या, "भीमा, ते चित्र पोरीचं आहे."

"पोरीचं कसं? पणजोबांनी आणलेलं."

"पोर त्याला काय म्हणते, ठाऊक आहे ना तुला?"

भीमसेनराव वाईट गृहस्थ नव्हते. "ठाऊक आहे, अक्का," ते म्हणाले. "म्हणूनच म्हणतो. हे किती दिवस चालवणार आहात तुम्ही? उद्या तिचं लग्न होईल. नवऱ्याच्या घरी घेऊन जाईल ती हे? माझी आई म्हणून दाखवील?"

गंगाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या.

"मी बोली लावीन," वैद्यनाथराव शेवटी म्हणाले.

संध्याकाळी चंद्रमतीला लिलावाचे कळले. ती रडली नाही, ओरडली नाही. वडिलांच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली.

"अप्पा, आईला परक्या घरी पाठवू नका."

"नाही पाठवणार."

"नक्की?"

"शब्द देतो."

गंगाबाईंनी ते स्वयंपाकघरातून ऐकले. त्या बाहेर आल्या, दोघांकडे पाहिले, आणि पुन्हा आत गेल्या. खरे सांगायची ती एक वेळ होती असे मला आता वाटते. पण मी सांगू शकत नव्हते, आणि ज्यांना सांगता येत होते त्यांनी सांगितले नाही.

लिलावाआधी राजगोपाल आम्हाला घेऊन गेले. त्यांच्या माणसाने मला टेबलावर आडवे ठेवले आणि कापसाचे बोळे कुठल्याशा उग्र वासाच्या पाण्यात भिजवून मला पुसायला घेतले. बोळे तपकिरी होऊन पडत गेले. काही बोळे लाल झाले. मला दुखले नाही. थोडे हलके वाटले, इतकेच. त्याने काम संपवून मला उभे केले, तेव्हा समोरच्या काचेच्या कपाटात मी स्वतःला पाहिले. तळे निळसर झाले होते. बाईचे गाल गुलाबी होते, डोळे राखाडी. पेल्हॅमने मला असेच केले होते. मीही ते विसरले होते.

लिलाव तंजावूरच्याच एका कल्याण मंडपात होता. लग्नात नवरा-नवरी बसतात त्या चौथऱ्यावर आम्हाला फडक्यांनी झाकून ठेवले होते. खालच्या खुर्च्यांवर बाहेरगावचे व्यापारी होते, कोइमतूरच्या एका गिरणीमालकाचा माणूस होता, आणि गावातले पुष्कळ लोक नुसते बघायला आले होते. दुसऱ्या रांगेत वैद्यनाथराव, चंद्रमती आणि गंगाबाई. चंद्रमतीने धुवट दावणी, म्हणजे तिकडच्या मुलींची अर्धी साडी, नेसली होती, केसांत फुले माळली होती. आईला परत घरी न्यायला आली होती ती. भीमसेनराव लांब, खांबापाशी उभे होते.

आधी जुनी घड्याळे गेली, झुंबर गेले, मग कप्पल गेले. मद्रासच्या एका व्यापाऱ्याने ते घेतले. शंभर वर्षे शेजारी टांगलेले चित्र उचलून नेले, आणि मला त्याचे काही वाटले नाही. वाटायला हवे होते का, हे तुम्हीच ठरवा.

मग माझ्यावरचे फडके काढले.

चंद्रमती वडिलांकडे झुकून म्हणाली, "अप्पा, हे कुठलं? आपलं उप्पळ कधी येणार?"

वैद्यनाथराव समोर बघत राहिले.

राजगोपाल तमिळमध्ये बोलू लागले. "मंडळी, हा एझ्रा पेल्हॅम. अमेरिकन. ज्या घरातून हे आलं तिथे याला मिठागर म्हणत होते. त्यांचा दोष नाही, वर धुराचा थर होता. पण हे मीठ नव्हे. हा बर्फ आहे. गोठलेलं तळं."

"एवढा बर्फ?" मागून कोणी ओरडले. "मग सोडा कोठे आहे?"

मंडप हसला. राजगोपालही हसले. "सोडा मद्रासला होता, सार. बर्फ तिथेच जात होता, जहाजाने."

"आणि ही बाई कोण?"

"असेल कोणी तिकडची. कापणाऱ्यांना चहा-कॉफी नेणारी. नाव काही लिहिलेलं नाही."

चंद्रमतीने माझ्याकडे बघितले. आधी किटलीकडे, मग कलत्या मानेकडे, मग गुलाबी गालांकडे, मग स्वच्छ कपाळाकडे. ती गंगाबाईंकडे वळली. गंगाबाई पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. चंद्रमतीला काही विचारावे लागले नाही.

बोली सुरू झाली. वैद्यनाथरावांनी हात वर केला. कोइमतूरच्या माणसाने केला. वैद्यनाथरावांनी पुन्हा केला. आणखी दोघे होते, ते लवकरच थांबले. आकडा चढत गेला. वैद्यनाथराव कोणाकडे बघत नव्हते; त्यांची नजर माझ्यावर होती आणि हात आपोआप वर जात होता. एकदा त्यांनी बोली लावली, आणि कोणी काही बोलायच्या आत पुन्हा हात वर केला.

"सार, आत्ताची बोली तुमचीच आहे," राजगोपाल म्हणाले. "स्वतःवरच का चढता?"

लोक पुन्हा हसले. खांबापाशी भीमसेनरावांनी मान खाली घातली.

कोइमतूरच्या माणसाने आकडा वाढवला. वैद्यनाथरावांचा हात वर निघाला, आणि चंद्रमतीने त्यांचे मनगट धरले.

"अप्पा, हात खाली घ्या."

"अगं, मी शब्द दिलाय तुला."

"मला नको ते."

"चंद्रा, ऐक..."

"ती कोणी नाही, अप्पा."

राजगोपालांनी वाट पाहिली. एकदा विचारले, दुसऱ्यांदा विचारले. वैद्यनाथरावांचा हात मुलीच्या हातात होता. तिसऱ्यांदा विचारून त्यांनी हातोडी आपटली, आणि मी कोइमतूरचे झाले.

मला मंडपाच्या मागच्या खोलीत नेऊन भिंतीला टेकवून ठेवले. लग्नात नवरीला तिथे सजवतात. भिंतीवर आरसा होता, एक लाकडी चौरंग होता. माझ्यासाठी गोणपाट आणि दोरी आणायला माणसे गेली होती. तेवढ्यात ते तिघे आत आले. चंद्रमती पुढे होती. ती माझ्यासमोर उभी राहिली, अगदी जवळ. बोट लावले नाही.

"मग आई कशी होती?" तिने विचारले. प्रश्न वडिलांना होता, पण बघत ती माझ्याकडेच होती.

वैद्यनाथराव चौरंगावर बसले.

"अप्पा?"

"मला विचारू नकोस, चंद्रा."

"तुम्हाला नाही विचारायचं तर कोणाला?"

"मी डोळे मिटले की हीच येते," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बोट केले. "ही. किटली घेऊन. आधी तसं नव्हतं. आधी तिचा चेहरा यायचा. कधी गेला तो, मला कळलंच नाही. मी बाहेर बसून हेच चित्र परत घ्यायला निघालो होतो. कशाला, ते मला आता सांगता येत नाही."

त्यांचा आवाज चढला नाही की फुटला नाही. वर्गात तह आणि लढाया सांगत असतील तसे ते बोलले. चंद्रमती त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती गंगाबाईंकडे वळली.

"अत्या, तू कशाला सांगितलंस असं?"

"मी पाला निवडत होते," गंगाबाई म्हणाल्या. "तू विचारलंस. तोंडाला आलं ते बोलले. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग तू गजरा घातलास तिला."

बाहेर कोणीतरी दोरीसाठी आरडाओरड करत होते.

"आता खरं सांग."

"काय सांगू?"

"कशी होती?"

गंगाबाईंनी पदर सोडला. "सावळी होती. माझ्याहून सावळी. आणि ठेंगणी. चुलीपुढे बसली की पाठमोरी शाळेतली पोर वाटायची. एकदा तर पोस्टमन तिलाच म्हणाला, जा कण्णा, घरातल्या मोठ्या माणसाला बोलाव."

"नाक?"

"बसकं. तुझं हे नाक तिचं नव्हे. हे आमच्या बापाचं."

चंद्रमतीचा हात आपल्या नाकाकडे गेला आणि खाली आला.

"अजून सांग."

"पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. लाज वाटायची तिला त्याची. हसली की हाताने तोंड झाकायची. आणि हसायची सारखी, मग सारखा हात तोंडावर. हा तिला म्हणायचा, हात काढ, हात काढ. मी आतून ऐकायची."

"डावा," वैद्यनाथराव म्हणाले.

दोघी त्यांच्याकडे वळल्या.

"डाव्या हाताने झाकायची," ते म्हणाले. ते जमिनीकडे बघत होते, जपून बोलत होते, भरलेले भांडे नेताना माणूस चालतो तसे. "उजवा कधी मोकळा नसायचा तिचा. उजव्या हातात सारखं काहीतरी असायचं."

"काय असायचं?" चंद्रमतीने विचारले.

ती त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसली. गंगाबाईही गुडघ्यावर हात टेकून बसल्या. दोघींची पाठ माझ्याकडे होती, आणि वैद्यनाथरावांची नजर माझ्याकडे नव्हती. त्या घरच्या माणसांत इतक्या वर्षांत असे झाले नव्हते.

माणसे गोणपाट घेऊन आत आली. "सार, थोडं बाजूला," म्हणाली, आणि मला गुंडाळू लागली. वैद्यनाथराव बोलत होते. मला आवाज ऐकू येत होता, शब्द लागत नव्हते. मध्येच चंद्रमती म्हणाली, "आणि मग?" एवढे कळले. नंतर दोरी आवळली.

मी आता कोइमतूरला एका पाहुण्यांच्या खोलीत आहे. पाहुणे येतात आणि म्हणतात, छान बर्फ काढलाय. माझ्यावर धूळ बसते, नोकर ती पुसतो. खिडकीतून ऊन येते, ते माझ्या रंगांना बरे नाही, पण पडदा लावायचे कोणाच्या लक्षात येत नाही. मला वाईट वाटते असे नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याही घरी असतील. त्यांना ओल लागू देऊ नका, उन्हात टांगू नका, कोरड्या मऊ फडक्याने पुसा, आणि जे ठाऊक नाही ते त्यांच्या माथी मारू नका. एवढे सांगावे म्हणूनच मी बोलायला बसले होते. पण सांगता सांगता मला वाटू लागले आहे की ते काम थोडे थांबू शकते. तुमच्या घरातले कोणी गेले असेल आणि त्याला पाहिलेले एखादे म्हातारे माणूस आज ओसरीवर बसलेले असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. माझ्यावरची धूळ उद्या पुसली तरी चालेल.